बेशरम आणि मर्यादवेल

संध्याकाळी धरमपेठेतून अंबाझरीकडे फिरायला जाण्याचा माझा जुना नेम आहे. वाटेत नाल्याकाठी बेशरमाची झाडे लागतात. नागपूरकराला त्यांची ओळख करून द्यायला नको. रस्त्याला खड्डा पडला की निषेध म्हणून त्यात रोवायला आम्हांला हेच झाड आठवते. फुले मोठी देखणी, कर्ण्याच्या आकाराची, जांभळट गुलाबी. पण देवाला ती वाहिलेली मी पाहिली नाहीत.

गेल्या मे महिन्यात आम्ही गुहागरला गेलो होतो. भरतीच्या रेषेच्या वर, पाय भाजणाऱ्या वाळूत एक वेल पसरली होती. तिचे फूल पाहून मी थबकलो. हे तर आमच्या नाल्यावरचे! पान मात्र निराळे, दोन दळांचे, थेट आपट्यासारखे. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी म्हणाल्या, "मर्यादवेल हो ती. समुद्राची हद्द राखते."

दोघींचे कूळ एकच, आयपोमिया. मर्यादवेल आपल्या किनाऱ्याची. पेरापेराला मुळे सोडून उडती वाळू धरून ठेवते. बेशरम अमेरिकेकडची. जनावर तोंड लावत नाही म्हणून लोकांनी ती कुंपणाला लावली, आणि ती कुंपण सोडून नाल्यात, तळ्यात उतरली. तिथे ती पाण्याची वाट अडवते, इथल्या गवताला जागा ठेवत नाही. चाऱ्याच्या टंचाईत शेळीने ती खाल्ली तर तिला चटक लागते आणि पुढे तिचे पाय लटपटू लागतात. तोडून टाकलेली कांडीसुद्धा चिखलात रुजते. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडली, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा ही झाडे गाळात आडवी झाली होती. दिवाळीच्या सुमारास पाहतो तो त्याच खोडांवर हिरवे कोंब! नाव अगदी शोभते, असे मी मनात म्हटले.

त्याच दिवसांत पाचवीतला एक मुलगा चार दिवस वहीवाचून वर्गात आला. वर हसत होता. मी त्याला सगळ्यांदेखत "बेशरम" म्हटले. त्याचे दप्तर पुरात गेले होते, हे मला आठवड्याने कळले. कळल्यावर मी त्याला वही दिली. शब्द मात्र परत घेतला नाही. मास्तरांना ते जमत नाही.

तो आता आठवीत आहे. गुहागरहून डायरीत दाबून आणलेले पान नि फूल परवा मी वर्गात दाखवले आणि नाव विचारले. पहिला हात त्याचाच वर झाला.

"हे तं बेशरम हाय, सर."

"नाही रे. हिला मर्यादवेल म्हणतात. त्याच कुळातली."

त्याने पान हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"मंग आमच्या नाल्यावरच्या झाडाले बेशरम नाव कोणं ठेवलं, सर?"

मी फळ्याकडे वळलो आणि खडू शोधू लागलो. खडू माझ्या हातातच होता.