कलमामागचं नुकसान

आयएसओ ९००१ या मानकात कापसाचं नाव कुठेच येत नाही. सरकी, रुई, गाठ यातलं काहीच नाही. दवाखान्याला तेच मानक, नटबोल्टच्या कारखान्याला तेच आणि आमच्या राळेगावच्या जिनिंगलाही तेच. सगळ्यांना लागू व्हावं म्हणून त्यातली वाक्यं जाणूनबुजून मोकळी ठेवलेली आहेत. मालाची ओळख पटली पाहिजे, मोजमापाची साधनं भरवशाची असली पाहिजेत, कामाची माणसं त्या कामाला लायक असली पाहिजेत. कशी, किती, कोणी ठरवायचं, हे त्यात लिहिलेलं नसतं. ते ठरवण्याचं काम कारखान्यातल्या एका माणसाकडे येतं. कागदोपत्री त्याला व्यवस्थापन प्रतिनिधी म्हणत, तोंडी सगळे एमआर म्हणतात. हे काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि आमच्या भागातल्या जिनिंगांतून नव्यानं हे काम अंगावर घेणाऱ्या मुलांना शिकवतोही.

त्यांना मी एकच रीत सांगतो. कलम समोर आलं की आधी विचारायचं, हे पाळलं नाही तर नुकसान कोणाचं? तो माणूस सापडला की कलमाचा अर्थ लागतो. तो न शोधता कलम पाळायला गेलं तर एक फाइल तेवढी तयार होते.

ओळख आणि मागोवा या कलमाचंच घ्या. आमच्या धंद्यात हे कलम आयएसओच्या कितीतरी आधीचं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ नंतर, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि इकडच्या कापसाचा भाव कडाडला. भाव वाढला तशी भेसळही वाढली. गाठीत पाणी, माती, सरकी, हलका कापूस. १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. पुढे १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. प्रेसमधून गाठ बाहेर पडण्याआधी तिच्यावर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घातलाच पाहिजे, असं त्यानं बंधन घातलं. आयएसओ ९००० ची मालिका आली १९८७ ला, म्हणजे त्यानंतर ६२ वर्षांनी. गाठीवरचा नंबर कुठल्या विलायती पुस्तकातून आमच्याकडे आलेला नाही. कोणीतरी फसलं होतं, म्हणून तो आला.

आता प्रश्न असा की मागोवा किती मागे न्यायचा? गाठीवर नंबर आहे, रजिस्टरला तारीख आहे, एवढ्यावर ऑडिटरचं समाधान होतं. पण एका सूतगिरणीकडून तक्रार आली तेव्हा हा प्रश्न खरा झाला. कापड रंगवल्यावर त्यात पांढरे ठिपके दिसत होते. हे ठिपके प्लास्टिकच्या धाग्याचे असतात. वेचणीचा कापूस खताच्या रिकाम्या पोत्यात भरला जातो, पोत्याच्या कडेचे धागे सुटतात आणि कापसात मिसळतात. जिनमध्ये तो धागा तुटून बारीक होतो, रुईत जातो, सुतात जातो. कापूस रंग धरतो, प्लास्टिक धरत नाही. म्हणून ही घाण आमच्या कारखान्यात दिसत नाही, गिरणीत दिसत नाही, थेट रंगाऱ्याकडे दिसते. तोवर कापडाचे ताके तयार झालेले असतात.

गाठीच्या नंबरावरून आम्ही प्रेसच्या दिवसापर्यंत पोचलो आणि तिथंच थांबलो. त्या दिवशी कोणत्या गंजीचा कापूस चालला होता याची नोंद नव्हती, कारण गंजीला नंबरच नव्हता. १७० किलोच्या एका गाठीला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. गंजीत तर कितीतरी कास्तकारांचा माल एकत्र पडतो. एका शेतकऱ्यापर्यंत मागे जाणं अशक्य, आणि त्याची गरजही नव्हती. गरज होती ती गंजीपर्यंत जाण्याची, म्हणजे त्याच गंजीच्या बाकीच्या गाठी पाठवायच्या की थांबवायच्या हे ठरवता आलं असतं. तेव्हापासून प्रत्येक गंजीवर पाटी आली. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा माल, कुठल्या बाजूचा, राळेगावचा, वाढोण्याचा की वडकीकडचा, आणि वेचणी पहिली-दुसरी की शेवटची. कलमाची मर्यादा मी इथं आखली. जी नोंद पाहून काही निर्णय घेता येतो तिथपर्यंत मागोवा न्यायचा, पुढे नाही.

मोजमापाच्या कलमाचं तसंच, फक्त इथं नुकसान होतं ते दुसऱ्याचं. वजनकाट्याला वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो आणि त्यावर शेतकऱ्याचीही नजर असते. ओलावा मोजायच्या छोट्या मीटरकडे मात्र तसं कोणी बघत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे कपात, आणि १२ च्या वर माल परत. म्हणजे त्या मीटरचा काटा दोन घरं सरकला तर कास्तकाराच्या चुकाऱ्यातले पैसे जातात. मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलला असलं की कलम पाळलं, असं मानणारे पुष्कळ आहेत. मी मानत नाही. मीटर बरोबर असून माप चुकतं. गाडीच्या वरच्या थरातला कापूस उन्हानं सुकलेला असतो, आतला ओला. हातात मूठ हलकी दाबली तर आकडा कमी येतो, घट्ट दाबली तर जास्त. गाडीवरून उतरलेल्या एका म्हाताऱ्या कास्तकारानं मला विचारलं होतं, "भाऊ, वरून पाह्यता का आतून?" त्यानं अख्खं कलम एका वाक्यात सांगितलं. आमच्याकडे आता गाडीच्या तीन जागांवरून, कोपरभर आतून मूठ घेतली जाते, ती एकाच डब्यात एकाच वजनाखाली दाबली जाते आणि आकडा शेतकऱ्याला दाखवून मगच लिहिला जातो. अधूनमधून तोच नमुना तोलून, १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, परत तोलून मीटरशी ताडून पाहतो. हे सगळं मानकात लिहिलेलं नाही. पण मापाचं साधन भरवशाचं असावं, या मागणीचा राळेगावात दुसरा कोणता अर्थ होऊ शकतो, ते मला कोणी सांगावं.

मानकातला ग्राहक म्हणजे आमच्यासाठी सूतगिरणी, हे खरं. शेतकरी आमच्याकडून घेत नाही, आम्हाला देतो. पण २०१५ च्या आवृत्तीनं संबंधित पक्ष कोण आणि त्यांच्या गरजा काय, हे ठरवायला सांगितलं. त्या यादीत मी कास्तकाराला पहिल्या ओळीत बसवलं. त्याच्याखाली वेचणाऱ्या बाया, मग हमाल, मग गिरणी. ऑडिटला आलेल्या एका माणसानं क्रमाबद्दल विचारलं, मी कारण सांगितलं, त्याला ते पटलं.

आता एमआरच्या जागेविषयी. मानकाच्या २००० आणि २००८ च्या आवृत्त्यांत ही जागा ठळक होती. त्याच्याकडे तीन कामं: पद्धत बसवणं आणि टिकवणं, ती कशी चालली आहे हे मालकाला सांगणं, आणि ग्राहकाला काय हवं ते कारखान्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणं. २००० साली व्यवस्थापनातला माणूस एवढंच म्हटलं होतं. २००८ ला तो त्या संस्थेच्याच व्यवस्थापनातला असावा, अशी दुरुस्ती झाली. दोन शब्दांचीच, पण मोलाची. बाहेरचा सल्लागारच एमआर म्हणून सही करतो आणि वर्षातून एकदा फाइल घेऊन येतो, असं अनेक ठिकाणी चाललं होतं. त्याला त्या दुरुस्तीनं बांध घातला.

सप्टेंबर २०१५ मध्ये नवी आवृत्ती आली आणि एमआर हे पदच त्यातून गेलं. कामं तशीच ठेवली, ती नेमून देण्याची जबाबदारी सरळ मालकावर टाकली. हेतू चांगला होता. गुणवत्ता हे त्या एमआरचं खातं, आपलं काय, असं म्हणायची पळवाट त्यामुळे बंद झाली. पण लहान कारखान्यांत वेगळंच घडलं. पद गेलं म्हणजे माणूस नको, असा अर्थ काढला गेला. काम वाटून दिलं ते कोणाचंच राहिलं नाही आणि शेवटी आवक लिहिणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर जाऊन पडलं. माझं मत याबाबतीत पक्कं आहे. जिनिंग हा हंगामी धंदा. सकाळी शेठ बाजार समितीच्या आवारात बोलीला, दुपारी दलालांशी फोनवर, रात्री हिशेबाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाड्यांची रांग हटत नाही. अशा ठिकाणी एक नाव ठरलेलं असलंच पाहिजे. मानक त्याला मनाई करत नाही. पदाला काहीही म्हणा, सुपरवायझर म्हणा, पण माणूस एक हवा.

आणि त्याच्या हातात अधिकार हवा. नेमणुकीचं पत्र माझ्याकडेही आहे, पण त्या पत्रानं अधिकार मिळाला असं मला कधी वाटलं नाही. एका वर्षी अवकाळी पावसात एक गंजी वरून भिजली. ट्रक उभा, गिरणीची तारीख जवळ आलेली, आणि शेठच्या घरातल्याच एका तरुणाचं म्हणणं होतं की ओला माल सुक्यात मिसळून चालवून टाकू. ओला कापूस जिनचा रोलर नीट धरत नाही, रुईत गुठळ्या येतात, आणि अशी रुई दाबून बांधली की गाठ आतून पिवळी पडते. मी नको म्हटलं. शेठ आले, दोघांचं ऐकलं आणि फिटर, हमाल, जिनवरच्या बाया, सगळ्यांदेखत म्हणाले, "हे हो म्हणतील तेव्हाच चालू करा." त्या वाक्यानंतर मला पत्र दाखवायची वेळ कधी आली नाही.

मालकाला सांगणं हे दुसरं काम लोकांना सोपं वाटतं. आढावा बैठकीचं इतिवृत्त बैठक न घेताच लिहायचं, ही रीत मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. जो एमआर शेठला फक्त बरं तेच सांगतो तो शेठचंच नुकसान करतो, कारण गिरणी पुढच्या हंगामात न बोलता दुसरीकडे जाते.

नोंदींचं म्हणाल तर आमच्या फिटरनं एकदा एक रकाना माझ्यापुढे धरून विचारलं, "हे लिवनं माह्यासाठी हाये का ऑडिटवाल्यासाठी?" जिनच्या सुऱ्या आणि रोलर यांच्यातलं अंतर रोज लिहायचा तो रकाना होता. तो रोज तेच लिहीत होता, कारण अंतर रोज बदलत नाही. बदलतं ते रोलर झिजल्यावर, त्याला परत चर पाडल्यावर. मी रकाना काढला आणि चर कधी पाडले, अंतर कधी बदललं, एवढंच त्याच्या स्वतःच्या वहीत लिहायला सांगितलं. तीच वही आमची नोंद. २०१५ नंतर गुणवत्ता पुस्तिकाही सक्तीची राहिलेली नाही. तरी जुनी जाडी पुस्तिका जपून ठेवणारे आहेत. धोक्याचा विचार हे कलम मात्र कुठल्या तक्त्याविना सगळ्यांना कळतं. कापसात लोखंडाचा खिळा आला, जिनमध्ये ठिणगी पडली, की गंजी पेटायला वेळ लागत नाही. चुंबक लावा, खिळे वेचा आणि कुठल्या गाडीत सापडला ते लिहा.

जाता जाता एक सांगायला हवं. आयएसओ मानांकित असा फलक आता शाळेवर, अंगणवाडीवर, ग्रामपंचायतीवर दिसतो. आयएसओ स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते देतात प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थांना मान्यता देणारी राष्ट्रीय यंत्रणा भारतीय गुणवत्ता परिषदेखाली आहे. प्रमाणपत्रावर त्या मान्यतेचं चिन्ह आहे का, ते आधी पाहा. तीन वर्षांची मुदत आणि दरवर्षीची तपासणी हे सगळं त्या चिन्हाबरोबर येतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मानकात एक छोटी भर पडली: हवामान बदल हा आपल्या कामाशी संबंधित विषय आहे का, याचा विचार करा. मोठ्या शहरातल्या कारखान्यांनी त्यावर काय लिहिलं असेल ते लिहोत. आमच्याकडे उत्तर शोधावं लागलं नाही. ऑक्टोबरचा पाऊस नोव्हेंबरात येतो, फुटलेल्या बोंडात पाणी जातं, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते यवतमाळ जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. किडका, डागी कवडी कापूस वाढतो, ओलावा वाढतो, वेचणीचे दिवस एकमेकांवर येतात, आणि घाईच्या वेचणीत खताचं पोतं सगळ्यात आधी हाती लागतं.

आढाव्यात हे मी शेठपुढे ठेवलं. गंज्यांना पक्कं छप्पर, फाटकापाशी ओलाव्याची तपासणी, आणि वेचणाऱ्या बायांना सुती कापडाच्या पिशव्या. पहिल्या दोन गोष्टी लगेच मंजूर झाल्या. पिशव्यांवर चर्चा लांबली. खर्च आमचा आणि कापूस गेला दुसऱ्या जिनिंगला, तर काय? हा प्रश्न रास्तच होता. मी रंगवलेल्या कापडाचा तो तुकडा, पांढऱ्या ठिपक्यांचा, टेबलावर ठेवला. शेवटी असं ठरलं की पिशव्या गावातल्या बचत गटांकडून शिवून घ्यायच्या, आमच्याकडे नेहमी माल आणणाऱ्या गावांपासून सुरुवात करायची, आणि पिशवीतून आलेल्या मालाची गंजी वेगळी लावायची, म्हणजे गिरणीला तो नंबर सांगून दोन पैसे जास्त मागता येतील आणि त्यातला वाटा कास्तकाराला देता येईल. तारीखही ठरली. सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या मुहूर्ताच्या आधी पिशव्या गावात पोचल्या पाहिजेत, कारण पहिली वेचणी एकदा पोत्यात गेली की मग त्या हंगामापुरता उपाय उरत नाही.