यवतेश्वरचा घाट आणि बेचाळीस किलोमीटर

साताऱ्याच्या राजवाड्यापासून पश्चिमेकडे निघाले की समर्थ मंदिरापाशी शहर जवळजवळ संपते आणि यवतेश्वरचा घाट सुरू होतो. आमचे कापडाचे दुकान या रस्त्यापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. हा घाट मी लहानपणी एस.टी.ने, पुढे स्कूटरवरून आणि नोकरीच्या काळात पाहुण्यांना कासची फुले दाखविण्यासाठी मोटारीने किती वेळा चढलो असेन, याचा हिशेब नाही. तो घाट खरोखर किती उभा आहे, हे मात्र मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले.

२०१८ च्या अखेरीस मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो. त्याच हिवाळ्यात माझ्या थोरल्या बंधूंना, म्हणजे भाईंना, दुकानातच छातीत कळ आली. पुण्यास नेऊन दोन स्टेंट बसवावे लागले. भाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. वडिलांच्या पश्चात त्यांनी चाळीस वर्षे गादीवर बसून घर सांभाळले, म्हणून मला एम.कॉम. होऊन बदलीची नोकरी करता आली. रुग्णालयात माझेही रक्त तपासले गेले आणि साखर सीमारेषेवर निघाली. डॉक्टरांनी दोघांनाही रोज चालण्यास सांगितले. भाई म्हणाले, "गिऱ्हाईक सकाळीच येते. तू निवृत्त आहेस, माझ्या वाटणीचेही तूच चाल."

मी चालू लागलो. चार महिन्यांनी थोडा पळू लागलो. साताऱ्यात २०१२ पासून दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस अर्धमॅरेथॉन होते. हजारो स्पर्धक याच घाटाने वर जातात आणि परत येतात. आजवर मी ती रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिली होती. या खेपेस नाव नोंदविले, आणि त्याच आवेशात पुढच्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावण्याचेही ठरवून टाकले. हे विचित्र अपूर्णांकाचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आहे. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटून स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनासमोर संपावी, अशी ती आखणी होती.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने जे करावे तेच मी केले. लांब रेघांची वही आणली, रकाने पाडले आणि आठवड्याचे उद्दिष्ट लिहिले. अंतर एका आठवड्यात दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. मला तो अतिसावध कर्ज अधिकाऱ्याच्या शेऱ्यासारखा वाटला आणि मार्चअखेर गाठावयाची असल्याप्रमाणे मी तो बाजूस सारला. बूट घ्यावयास गेलो तेव्हा किंमत ऐकून प्रथम दुकानाबाहेर आलो. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर त्या काळी अनवाणी धावणारी मुले पाहूनच सर दोराबजी टाटांच्या मनात भारताचा संघ पाठविण्याचे आले होते. हे सारे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "त्या मुलांचे वय काय होते तेही सांगा." बूट घेतले.

चातुर्मासात घाटावर धुके असते. कातळावरून पाणी रस्त्यावर उतरते, कोठे दरडीचे दगड पडलेले असतात आणि लहान लहान खेकडे डांबरी रस्ता ओलांडत असतात. सौ.चा आक्षेप या जीवांविषयीच होता आणि तो रास्त होता. म्हणून अंधारात जावयाचे नाही, चांगले उजाडल्यावर नवकारशी करून निघावयाचे आणि चार पावले पुढचा रस्ता पाहतच पळावयाचे, असे ठरले. त्यायोगे खड्डेही चुकले. उलट्या बाजूस मान वळविली तर धुके फाटते तेथे खाली शहर आणि समोर अजिंक्यतारा दिसे. ब्रिटिश अमदानीपासून कासच्या तलावाचे पाणी डोंगरउताराने आमच्या नळांना येत आले आहे. मी त्या पाण्याच्या उलट दिशेने चढत आहे, हा विचार मला वळणावळणावर येई. धाप लागली की असले विचार फार सुचतात.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत प्रथम विचारला जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शरीरात साखरेचा जो साठा असतो, तो चालू खात्यासारखा आहे. लगेच काढता येतो, पण रक्कम लहान. अंदाजे तीस किलोमीटरच्या पुढे खाते रिकामे होऊ लागते आणि पाय शिशाचे होतात. चरबी ही मुदत ठेव. ती मोठी असते, परंतु सावकाश मोडावी लागते. हळू धावणाऱ्यास ठेवीतून अधिक मिळते, वेगाने धावणारा चालू खाते ओढत सुटतो. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते, सौ.चा चौविहार असतो, माझा तिविहार. संध्याकाळी सहाच्या जेवणावर सकाळी उपाशीपोटी वीस किलोमीटर पळण्याचा प्रयोग मी एकदाच केला. तिसऱ्या तासास रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहावे लागले. पुढे कंबरपट्ट्यात खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखरेचे लिंबू सरबत घेऊन जाऊ लागलो. नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक, कारण घामातून मीठ जाते आणि रक्तातील मीठ विरळ होते. बाजारात मिळणाऱ्या चघळण्याच्या गोळ्यांपैकी काहींत जिलेटिन असते, तेव्हा वेष्टन वाचल्यावाचून तोंडात टाकू नये.

अर्धमॅरेथॉनच्या दिवशी चढ नीट झाला. घात उतारावर झाला. चढताना दमछाक होते, पण मांडी आणि गुडघा यांवर खरा भार उतरतानाच पडतो, कारण प्रत्येक पावलाला शरीर थोपवावे लागते. माझ्या मागच्या वयोवृद्ध गृहस्थांनी मला ओलांडले, हे मला सहन झाले नाही. मी घाटाची वळणे धडधडत उतरलो. पदक गळ्यात पडले आणि दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा जिना उतरू देईना. फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे धावणे बंद केले. भाईंना कळले तेव्हा ते रागावले. माझ्यावर ते असे क्वचितच रागावतात. "एकाच्या छातीत तारा घातल्या, दुसऱ्याने गुडघा घालवला. दुकानात आता आपल्या दोघांकरिता खुर्च्या मांडू," असे म्हणून ते आत गेले. मला उत्तर सुचले नाही. वहीचे रकाने दिवाळी उलटून गेली तरी कोरे राहिले.

कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजींचा विहार कराडच्या दिशेने होता. धावण्यास बंदी होती, चालण्यास नव्हती, म्हणून मी सोबत निघालो. त्यांतील मोठ्या साध्वीजी सत्तरीच्या पुढच्या. अनवाणी पाय, एक लय, वाटेत बोलणे नाही. पहिले चार किलोमीटर मला ती चाल फार मंद वाटली आणि मी सारखा पुढे जाऊन थांबत होतो. नवव्या-दहाव्या किलोमीटरला मी मागे राहू लागलो. त्यांची चाल होती तीच होती. मुक्काम आला तेव्हा तीन तास झाले होते, अंतर सुमारे साडेबारा किलोमीटर, आणि गुडघा दुखत नव्हता. घरी येऊन मी वहीत पौर्णिमेनंतरची पहिली नोंद केली. वेगाचा रकाना त्या दिवसापासून काढून टाकला.

चार मिनिटे पळावे, एक मिनिट चालावे, ही पद्धत अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी रूढ केली. पूर्वी मला ती कमीपणाची वाटली होती. आता मी ती मुकाट्याने धरली. उतारावर तर सरळ चालतच येऊ लागलो. डिसेंबरात एके रविवारी याच रस्त्याने पेटरीच्या पुढे जाऊन परत, असे ३२ किलोमीटर केले. सकाळी आठला निघालो, पाऊण वाजता समर्थ मंदिरापाशी आलो. गवत पिवळे पडले होते. माथ्यावरून उजव्या हाताला कण्हेरचा जलाशय, डावीकडे उरमोडीचा, आणि पलीकडे सज्जनगड, असे सारे एकाच फेरीत मला प्रथमच स्पष्ट दिसले. ते नेहमीच तेथे होते, मी घड्याळ पाहत होतो.

मुंबईची शर्यत १९ जानेवारी २०२० रोजी होती. पूर्ण मॅरेथॉन पहाटे सव्वापाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटली. त्या दिवशी नवकारशी आठच्या पुढे येत होती, म्हणजे पावणेतीन तास पाण्यावाचून. डॉक्टरांनी त्यास साफ नकार दिला होता. सौ. म्हणाली, "मग त्या दिवशीचे पच्चक्खाण घेऊच नका. घेऊन मोडण्यापेक्षा न घेतलेले बरे." तसे केले. मरीन ड्राइव्हवर अंधार होता, सागरी सेतूवर उजेड झाला. पुढे एका ठिकाणी स्वयंसेवक उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी देत होते. धावपटूंत त्या फार लोकप्रिय आहेत. मी केळे मागितले, तर मुलीने हसून विचारले, "काका, जैन का?" पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर अखेरच्या टप्प्यात पुन्हा येतो, तेव्हा भोवतालची तरुण मुले चालत होती. यवतेश्वरशी तुलना करता तो चढ फारसा नव्हता. मीही चालतच होतो, पण माझे ते वेळापत्रकाप्रमाणे होते.

६ तास १४ मिनिटे लागली. सायंकाळी दूरध्वनीवर भाईंनी पहिला आलेल्यास किती लागले, ते विचारले. इथिओपियाच्या डेरारा हुरिसाने २ तास ८ मिनिटांत शर्यत जिंकली होती आणि तीही मित्राचे उसने बूट घालून. ते मी सांगितले.

"म्हणजे तुला जवळजवळ तिप्पट वेळ लागला. प्रवेश फी?"

"भाई, आम्हा सगळ्यांना एकच."

"मग तुझा सौदा वाईट नाही," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "गुडघा?"

"ठीक आहे."

पुढे दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि दुकान बंद झाले. निर्बंध सैल झाल्यावर एके दिवशी भाई सकाळी साडेसहाला माझ्या दारात उभे होते, पायात माझेच जुने बूट. त्यांना ते अर्ध्या नंबराने मोठे होतात, म्हणून पुढे कापूस घालतात. आता आम्ही रोज बरोबर निघतो. समर्थ मंदिरापाशी चढ लागतो तेथून ते परत फिरतात, दुकान उघडावयाचे असते. मी पहिल्या वळणापर्यंत जातो आणि खाली पाहतो. बहुधा ते तोवर वाटेत कोणाशी तरी बोलत उभे असतात.