जपानला आग लागली तेव्हा

१९९३ सालचा जुलै. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलो, तिथून लोकलने ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवरची दुकानं उघडेपर्यंत इराण्याकडे ब्रुन-मस्का आणि दोन चहा. पिशवीत संचालक मंडळाचा ठराव होता: मुख्य कचेरीसाठी एक ४८६ सर्व्हर आणि त्याला सोळा एमबी रॅम. आमची बँक म्हणजे मिरजेकडची एक नागरी सहकारी बँक, आणि तिच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात मी धरून अडीच माणसं. अर्धा म्हणजे दुपारनंतर आमच्याकडे येणारा क्लिअरिंगचा कारकून.

आठवड्यापूर्वी ट्रंक कॉलसारखं ओरडून ठरवलेला भाव मी वहीत लिहून नेला होता. दुकानाच्या शेठनी तो वाचला, त्यावर पेन्सिलीने शांतपणे काट मारली आणि म्हणाले, "साहब, जपान में आग लगी है."

मला वाटलं, गावाकडचा माणूस बघून गंडवतोय. पण आग खरीच होती. निइहामा गावातल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात ४ जुलैला स्फोट होऊन ती लागली होती. तिथे चिप बनत नव्हती. चिपवर जे काळं कवच असतं, त्याला लागणारी राळ बनायची, आणि जगातली निम्म्याहून जास्त तिथूनच जायची. एवढ्या कारणावरून रॅमचे भाव काही दिवसांत दुपटीच्या घरात गेले. जळाली राळ, आणि भाव वाढला लॅमिंग्टन रोडवर. मी एसटीडी बूथवरून अध्यक्षांना फोन लावला. आबा साखर कारखान्याच्या राजकारणातून आलेले, भावाची चढउतार त्यांना कोणी शिकवायला नको होती. म्हणाले, "आठच घ्या. आग विझंल की."

तसं आठ एमबीवर आमचं मशिन सुरू झालं. उरलेले आठ घेतले १९९६ मध्ये, जेव्हा रॅमचा भाव कोसळून चतुर्थांशाच्या आसपास आला. आग विझायला तीन वर्षं लागली, पण विझली.

त्या काळात संगणकाच्या बाजाराचं भाकीत करायला कुणी तज्ज्ञ लागत नसे. शेठचं भाकीत एका ओळीचं होतं: घाई नसेल तर थांबा, सहा महिन्यांत स्वस्त होईल. एका चिपवरचे ट्रान्झिस्टर ठरावीक काळाने दुप्पट होत जातील, असं गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये लिहिलं, आणि दहा वर्षांनी तो काळ दोन वर्षांचा धरला. अमेरिकेत त्या नियमावर कारखाने उभे राहिले. आमच्याकडे त्यावर खरेदी समितीच्या बैठका तहकूब होत. काही न करता बसून राहणं हाच शहाणपणा ठरावा, असा नियम सहकार क्षेत्राला दुसरा मिळाला नसता.

आणि तो खरा ठरायचा, हे विशेष. ३८६ घेतला असता तर ४८६ आला, ४८६ घेतला तर पेंटियम. जो थांबला तो जिंकला. जो अगदीच थांबला त्याच्या शाखेत मात्र २००० सालापर्यंत खतावण्या हाताने लिहिल्या जात होत्या.

सर्व्हर आला तेव्हा त्याच्यासाठी काचेची खोली केली. गावात तेव्हा एसी फक्त तीन ठिकाणी होता: एका सर्जनच्या ऑपरेशन थिएटरात, एका थिएटरात, आणि आमच्या खोलीत. बाहेर काउंटरवर कारकून घामाने थबथबलेले आणि आत यंत्र गारव्यात. पहिल्या उन्हाळ्यात युनियनने यावर निवेदनही दिलं होतं. चपला बाहेर काढूनच आत जायचं. हा नियम मी धुळीसाठी केला, पण शिपायाने तो देवळासारखा पाळला. जाता-येता उंबऱ्याला हात लावायचा. दसऱ्याला सर्व्हरची पूजा झाली. झेंडूची माळ घातली, नारळ दारात फोडला, आणि मी कॅबिनेटवर हळदकुंकू वाहू नका म्हणेपर्यंत कुणीतरी चिमूटभर कुंकू नेमकं फ्लॉपीच्या फटीत वाहिलं. ती ड्राइव्ह दुसऱ्या दिवशीपासून वाचेनाशी झाली. मी अहवालात 'धुळीमुळे बिघाड' असं लिहिलं.

रोज संध्याकाळी दिवसाचा बॅकअप टेपवर घ्यायचा आणि ती टेप रोखपालाने तिजोरीत ठेवायची. म्हणजे बँकेचा सगळा डेटा नोटांच्या शेजारी झोपायचा. तो कुठे आहे, असं कुणी विचारलं तर बोट दाखवता येत असे.

पेंटियमची गोष्ट सांगायलाच हवी. ज्या विनोद धाम यांना पेंटियमचे जनक म्हणतात त्यांचा जन्म पुण्याचा, एवढ्यावरून आमच्याकडे त्याच्याविषयी घरच्या कार्यासारखा अभिमान होता. १९९४ च्या अखेरीस बातमी आली, की पेंटियम भागाकार चुकतो. अमेरिकेतले थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करत होते, त्यांच्या ते लक्षात आलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८ यायला हवं, ते १.३३३७ येत होतं. इंटेलला अखेर चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला.

मिरजेत त्याचा परिणाम असा झाला, की एका संचालकांनी बैठकीत विषय काढला आणि सर्व मुदत ठेवींचं व्याज हाताने तपासायचा ठराव झाला. दोन वरिष्ठ कारकून तीन आठवडे तपासत बसले. एकही चूक निघाली नाही. निघणार कशी? आमच्याकडे पेंटियम नव्हताच. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ठराव झाला होता.

आता त्या भाकितांविषयी, जी शेठच्या पेन्सिलीने नव्हे तर रंगीत स्लाइडवर लिहिली जात. १९९९ च्या सुमारास एका विक्रेत्याने सहकारी बँकांच्या ईडीपीवाल्यांना पुण्यात पंचतारांकित हॉटेलात बोलावलं. जेवण उत्तम होतं. त्याआधी एक आलेख दाखवला, आणि त्यातली रेषा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर जाईल की काय अशी चढत होती. ती इटॅनियमची होती. एचपी आणि इंटेल मिळून ही नवी चिप घडवत होते आणि साऱ्या मोठ्या सर्व्हरचं भविष्य तीच, असं सांगण्यात आलं. आयडीसी या बाजार-अभ्यासक संस्थेने तर आधीच अंदाज दिला होता, की २००१ पर्यंत अशा यंत्रांची विक्री वर्षाला ३,८०० कोटी डॉलरवर जाईल. मी ती रेषा वहीत उतरवून घेतली.

२००१ उजाडलं तेव्हा चिप कशीबशी बाजारात आली. पुढची कित्येक वर्षं विक्री त्या आकड्याच्या आसपासही फिरकली नाही. टिंगलखोरांनी बुडत्या जहाजावरून तिचं नाव 'इटॅनिक' ठेवलं. पण मला यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. त्या भाकितावर विश्वास ठेवून कंपन्यांनी आपापल्या चांगल्या चालणाऱ्या चिपा गुंडाळायला घेतल्या. कॉम्पॅकने डिजिटलकडून आलेली अल्फा सोडली, एचपीने स्वतःची पीए-रिस्क सोडली. जे भाकीत खरं झालं नाही, त्यानेच हे खेळाडू मैदानातून उठवले. शेठ कधी इतके चुकले नाहीत, कारण त्यांचं भाकीत त्यांच्याच गल्ल्यावर बेतलेलं असे. चुकलं तर त्यांचाच माल पडून राहायचा.

मग एप्रिल २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन आणला. त्याचं तत्त्व आमच्या आबांनाही पटलं असतं: जुनं चालू ठेवा आणि वरून नवी ६४ बिटची सोय द्या. पुढच्याच वर्षी इंटेललाही आपल्या झिऑनमध्ये तीच सोय आणावी लागली. सन मायक्रोसिस्टिम्सची ती जांभळट, कपाटाएवढी यंत्रं, ज्यांच्याकडे आम्ही प्रदर्शनात नुसते बघत उभे राहायचो, ती बनवणारी कंपनीच २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. इटॅनियमच्या शेवटच्या चिपा २०२१ मध्ये रवाना झाल्या, आणि त्यावर चालणाऱ्या एचपी-यूएक्स प्रणालीचा आधार एचपीतून निघालेल्या एचपीईने ३१ डिसेंबर २०२५ ला थांबवला. ती बातमी वाचून मला जुन्या सहकाऱ्याच्या निधनाची वाचल्यासारखं झालं, जरी हयातीत आमचं कधी पटलं नव्हतं.

मधल्या काळात शेठच्या दुकानातली संकटं चालूच होती. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला आणि रॅम भडकली. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क भडकल्या. प्रत्येक वेळी पेन्सिलीची तीच काट, तोच चेहरा. शेठकडून मी जगाचा भूगोल शिकलो. आणि प्रत्येक वेळी उपाय एकच, थांबा. पाणी ओसरलं, भाव उतरले.

आमची बँक पुढे एका मोठ्या बँकेत विलीन झाली. काचेच्या खोलीत आता लॉकर आहेत. सर्व्हर भंगारवाल्याने किलोवर नेला. त्याआधी मी त्यातला ४८६ काढून घेतला, तो अजून टेबलावर असतो. चौकोनी सिरॅमिकची वडी, खाली सोनेरी १६८ पिना. त्यावर बारा लाख ट्रान्झिस्टर आहेत, हे सांगताना एके काळी माझी छाती फुगायची. एनव्हिडियाच्या ब्लॅकवेल चिपवर ते २०,८०० कोटी आहेत.

माझी पुतणी ऐरोलीला एका डेटा सेंटरमध्ये काम करते. बाहेरून ती इमारत शीतगृहासारखी दिसते. खिडकी नाही, पाटी नाही म्हटली तरी चालेल. आत मला नेता येणार नाही म्हणाली. पण एक ऐकून बरं वाटलं: आत जाताना बुटांवर प्लॅस्टिकचे मोजे चढवावे लागतात. उंबऱ्याला हात कुणी लावत नाही, एवढाच फरक.

तिच्याकडून जे कळतं त्यावरून बाजार पार फिरला आहे. आमच्या वेळी सर्व्हर म्हणजे प्रोसेसर, बाकी सगळं त्याचं बिऱ्हाड. आता एनव्हिडियाच्या एका मोठ्या रॅकमध्ये ७२ ग्राफिक्सच्या चिपा असतात आणि त्यांच्या दिमतीला ३६ प्रोसेसर. यजमान वाढपी झाला. तो एक रॅक सुमारे १२० किलोवॉट वीज खातो. आमच्या भागातल्या पाच एचपीच्या बत्तीस मोटारी एकाच वेळी विहिरीवर चालाव्यात, तेवढी. गार करायला एसी पुरत नाही, पाणी फिरवावं लागतं. आम्ही लोडशेडिंगमध्ये दोन बॅटऱ्यांच्या यूपीएसवर दिवसअखेरचा हिशोब आटपायचो, हे तिला सांगितलं तर ती नम्रपणे हसली.

प्रोसेसरच्या धंद्यातही उलथापालथ आहे. एएमडीच्या एका सर्व्हर चिपवर २०२४ पासून १९२ कोअर मिळतात, आणि सर्व्हर-प्रोसेसरच्या उत्पन्नातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा एएमडीने इंटेलकडून ओढून घेतला. ॲमेझॉन २०१८ पासून आर्मच्या आराखड्यावरच्या स्वतःच्या चिपा आपल्या सर्व्हरमध्ये बसवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये डाऊ जोन्सच्या तीस कंपन्यांतून इंटेलला काढून एनव्हिडियाला बसवलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के वाटा घेतला. आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतलेल्या पाहिलेल्या माणसाला या बातमीत नवं काही वाटत नाही. नवं एवढंच, की ती तिकडून आली.

पण माझ्या पिढीच्या मुळावर आलेली गोष्ट ही, की शेठचा नियम मोडला. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले, आणि या वेळी आग नाही, भूकंप नाही, पूर नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या चिपांना चिकटून बसणाऱ्या खास मेमरीत त्यांना जास्त पैसा आहे. मायक्रॉनने डिसेंबरात जाहीर करून टाकलं, की किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रुशल' हा ब्रँड आपण बंद करणार. हा ब्रँड मी कितीदा घेतला असेन! किरकोळ गिऱ्हाईक म्हणजे आपण. एके काळी आबांसारखा गावातला अध्यक्ष 'आठच घ्या' म्हणून निदान नकार तरी देऊ शकत होता. आता गिऱ्हाइकं पाच-सहाच आहेत, ती वर्षांचा माल आगाऊ बांधून ठेवतात, आणि आपण थांबलो काय नि न थांबलो काय, कारखान्याला पत्ता लागत नाही.

परवा धाकट्या पुतण्याने विचारलं, "काका, कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. दिवाळीपर्यंत थांबू का?" माझ्या तोंडून सवयीने 'थांब' निघणार होतं. त्याऐवजी लॅमिंग्टन रोडला फोन लावला. शेठ आता नाहीत, मुलगा बसतो. मला आवाजावरून ओळखलं, चौकशी केली, भाव सांगितला आणि म्हणाला, "अंकल, ये शाम तक का रेट है."

लॅपटॉप त्याच दुपारी घेतला. सोळा जीबीचा, बत्तीसचा परवडला नाही.