सुपरहिरो कोणाला म्हणायचं?

आमच्या फ्रिजवर तीन कागद कायम चिकटवलेले असतात. दूधवाल्याचा हिशोब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि सुपरहिरो सिनेमांची यादी. पहिल्या दोन कागदांवरून आमच्या घरात आजवर एकदाही भांडण झालेलं नाही.

यादीचं हे खूळ मागच्या मे महिन्यात सुरू झालं. आमची कन्या अकरा वर्षांची. जगातला सगळ्यात भारी सुपरहिरो सिनेमा कुठला यावरून तिची वर्गातल्या पोरांशी पैज लागली होती, आणि सुट्टी संपल्यावर प्रत्येकाने आपापली यादी घेऊन यायचं असं ठरलं होतं. आता साध्या प्रश्नाचा प्रोजेक्ट करून ठेवणे ही आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची जुनी खोड. मी लगेच म्हटलं, "थांब. आधी रिक्वायरमेंट फ्रीज करू. सुपरहिरो म्हणजे काय हेच ठरलं नसेल तर रँकिंग कसलं करतेस?"

"बाबा, ज्याच्याकडे पॉवर असते तो सुपरहिरो. झालं!"

"मग बॅटमॅन?"

झालं नाही. त्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत जागे होतो.

तर नियम ठरले. दर शनिवारी रात्री एक सिनेमा. मतं तीन, कारण बायकोलाही मत हवंच होतं. (ती कैऱ्या चिरता चिरता सिनेमा बघते, पण मार्क देताना हात अजिबात सैल सोडत नाही.) व्याख्येसाठी मी पीटर कूगनला धरलं. या अभ्यासकाने २००६ साली सुपरहिरो या प्रकारावर एक आख्खं पुस्तक लिहिलंय, आणि त्यात सुपरहिरोच्या तीन खुणा सांगितल्यात : मिशन, पॉवर आणि आयडेंटिटी. म्हणजे लोकांच्या भल्याचं काम, इतरांकडे नाही अशी ताकद, आणि वेगळं नाव-वेष असलेली ओळख. मी यातली तिसरी अट जरा आणखी कडक केली. म्हटलं, नुसता वेष नाही चालणार, दुहेरी आयुष्य पाहिजे. दिवसा एक माणूस, रात्री दुसरा, आणि घरच्यांना पत्ता नाही. कारण घरच्यांना कळलं तर घरचे धोक्यात येतात. मुखवटा असतो तो त्यांच्यासाठी, असं मी फार तावातावाने सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फ्रिजवरच्या कागदावर तीन रकाने आखले आणि एकेकाची परीक्षा सुरू झाली. जेम्स बाँड? मिशन आहे, पण ते सरकारी नोकरीतलं, आणि खरं नाव तर भेटेल त्याला सांगत सुटतो. नापास. २०१९ चा जोकर? व्हिलनच्या नावाने सिनेमा काढला म्हणून तो सुपरहिरो सिनेमा होत नाही. नापास. हॅरी पॉटर? त्याच्या शाळेत सगळ्यांनाच जादू येते, मग ती 'सुपर' कशी? इथे कन्या रडवेली झाली, पण मी बधलो नाही. मग तिने 'फ्रोजन'मधली एल्सा काढली. ताकद आहे, आणि ती लपवायला हातमोजे घालते, सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगत नाही! च्यायला, तीनपैकी दोन रकाने भरले की हो. मिशन नाही या एकाच मुद्द्यावर मी कसाबसा वाचलो.

बॅटमॅनचं प्रकरण त्या मानाने सोपं निघालं. त्याची ताकद म्हणजे पैसा आणि जिद्द, हे कन्येने मान्य केलं. शिवाय तो मुळात झोरोचा वारस. दिवसा नाजूक श्रीमंत माणूस आणि रात्री काळा मुखवटा, ही युक्ती झोरोची, १९१९ सालची. कॉमिक्समध्ये ब्रूस वेनचे आईवडील मारले जातात तेही झोरोचाच सिनेमा बघून परत येताना.

बायकोने शांतपणे 'शहेनशाह' पुढे केला. मी हसलो. ती म्हणाली, हसू नकोस, तुझेच रकाने भर. दिवसा भित्रा, लाचखाऊ इन्स्पेक्टर, रात्री लोखंडी हात घालून गुंडांना बदडणारा, आणि कोणाला पत्ता नाही. तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण! 'मि. इंडिया' तर डिस्टिंक्शनमध्ये पास. श्रीदेवी मि. इंडियाच्या प्रेमात पडते, आणि तो म्हणजे आपला घरमालक हे तिला माहीतच नसतं. हेच तर लॉइस लेनचं दुखणं!

अवांतर : 'सुपरहिरो' या शब्दाचा ट्रेडमार्क कैक वर्षं मार्व्हल आणि डीसी या दोन कंपन्यांच्या सामायिक मालकीचा होता. कोणीतरी त्याला आव्हान दिलं, या दोघांनी मुदतीत उत्तरच दिलं नाही, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने तो रद्द करून टाकला. एवढ्या ताकदवान मंडळींचे मालक, आणि नोटिशीला उत्तर देणं जमलं नाही. असो.

इथपर्यंत सगळी गंमत होती. आता खरी गोष्ट.

मे महिन्यातल्याच एका गुरुवारी दुपारी मला एका व्हिडिओ कॉलला बोलावलं. बारा मिनिटांत कॉल संपला आणि त्यासोबत अकरा वर्षांची नोकरीही. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप आणि कार्ड जमा केलं. घरी आलो तर कन्या दारातच उभी, "बाबा, आयर्न मॅनचं काय ठरलं?" मी बूट काढता काढता म्हणालो, "आयर्न मॅन बाद. पहिल्याच सिनेमाच्या शेवटी पत्रकार परिषदेत सगळं सांगून टाकतो. दुहेरी आयुष्यच उरत नाही." बायकोने विचारलं, आज लवकर कसा? म्हटलं, मीटिंग कॅन्सल झाली.

एवढंच. इतकं सोपं असतं ते.

दुसऱ्या दिवसापासून मी नेहमीच्या वेळी, नेहमीची बॅग घेऊन बाहेर पडायला लागलो. बॅगेत घरचा जुना लॅपटॉप. नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत महिन्याची जागा घेतली. आजूबाजूला सगळी एमपीएससीची मुलं. त्यांना वाटलं, हे काका वयाची मर्यादा संपायच्या आत शेवटचा चान्स घेतायत. दिवसभर अर्ज पाठवायचे, दीड वाजता त्या मुलांबरोबर जिन्यात बसून डबा खायचा, सात वाजता घरी. एकाने तर मला राज्यघटनेच्या नोट्ससुद्धा दिल्या. फार मनापासून दिल्या हो.

मी स्वतःला सांगत होतो की हे त्यांच्यासाठीच चाललंय. नवी नोकरी मिळाली की दोन्ही बातम्या एकदमच देऊ. उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर?

दुसऱ्या शनिवारी १९७८ चा 'सुपरमॅन' लावला, रिचर्ड डॉनरचा. त्यात एक प्रसंग आहे. लॉइस आतल्या खोलीत आहे आणि क्लार्क बाहेर उभा. तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज बदलतो. सांगणार, आता सांगणार! तेवढ्यात ती येते आणि तो परत खांदे पाडून, चष्मा लावून बावळट क्लार्क होतो. क्रिस्टोफर रीव्हने हे कुठल्याही स्पेशल इफेक्टशिवाय, नुसत्या पाठीच्या कण्याने केलंय. कन्या म्हणाली, "अरे सांग ना यार!" मी पाणी प्यायला उठलो.

आणि मग चौथ्या शनिवारी, म्हणजे तेविसाव्या दिवशी, कन्येने 'द इन्क्रेडिबल्स' निवडला. २००४ चा, ब्रॅड बर्डचा, पिक्सारवाला. मी तो पूर्वी दोनदा तरी पाहिला होता, पण गोष्ट सोयीस्करपणे विसरलो होतो. निवृत्त सुपरहिरो बॉब इन्शुरन्स कंपनीत कारकुनी करत असतो. त्याची नोकरी जाते. घरी तो सांगत नाही. रोज ऑफिसला गेल्यासारखा बाहेर पडतो, आणि बेटावर मारामारी करायला जाताना बायकोला सांगतो की कंपनी कॉन्फरन्सला पाठवतेय. मग एक दिवस बायको त्याच्या ऑफिसला फोन करते, आणि पलीकडून कळतं की हा माणूस आता इथे कामाला नाही.

बायको कैरी चिरता चिरता म्हणाली, "मूर्ख आहे हा. असं कोणी करतं का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. दोन मिनिटांनी तिला हाक मारली, आणि ओट्यापाशी उभं राहून सगळं सांगितलं. बाहेर टीव्हीवर धडामधुडूम चालू होतं.

ती नोकरीबद्दल एक शब्दही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "सोळा डबे."

"काय?"

"तेवीस दिवसांत सोळा डबे दिले मी तुला. साडेपाचला उठून. मलाही बँकेत जायचं असतं रे." आणि आत निघून गेली.

त्या तेवीस दिवसांत मी कर्जाच्या हप्त्याचा हिशोब शंभर वेळा केला असेल. डब्यांचा एकदाही केला नाही.

रविवारी कन्येला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, अभ्यासिकेतल्या नोट्सचा किस्सा दोनदा सांगायला लावला, आणि मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "पण बाबा, तुझ्याकडे पॉवर नव्हती. मिशनपण नव्हतं. नुसतीच सीक्रेट आयडेंटिटी होती."

"मग?"

"मग तीनपैकी एक. नापास."

मंडळी, कूगनसाहेबांच्या व्याख्येचा इतका नेमका वापर मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मुखवट्यामागे कोणाचं तरी रक्षण असेल तर ती गुप्त ओळख. तसं काही नसेल तर ते नुसतं खोटं बोलणं. मी वाचवत होतो ते घरच्यांना नाही. दारात बूट काढताना त्यांच्या तोंडाकडे बघायची वेळ टाळत होतो, एवढंच.

सोमवारी डबा नव्हता. मंगळवारी ती म्हणाली, "अभ्यासिकेचे पैसे भरलेयस तर जा. डबा मात्र आपला आपण करायचा." पहिल्या दिवशी मी केलेली भेंडी एमपीएससीच्या मुलांनीही परत केली.

पुढच्या शनिवारी 'स्पायडरमॅन २' होता. २००४ चाच, सॅम रेमीचा. सगळे त्यातल्या ट्रेनच्या मारामारीबद्दल बोलतात, आणि आहेच ती जबरदस्त. पण त्याच सिनेमात एक साधं जेवणाचं टेबल आहे. पीटर आपल्या मे काकूला सांगतो की बेनकाका गेला त्यात माझीही चूक होती, त्या चोराला मीच जाऊ दिलं होतं. काकू काही बोलत नाही. त्याच्या हातातला आपला हात काढून घेते आणि जिना चढून वर निघून जाते. ना संगीताचा मारा, ना मिठी. माफी मिळते, पण बऱ्याच नंतर, घर आवरताना.

आमच्या हॉलमध्ये कोणीच काही बोललं नाही. कैऱ्यांचा मोसम संपला होता, त्यामुळे बायकोच्या हाताला कामही नव्हतं. तिने त्या दिवशी पहिल्यांदाच दहापैकी दहा दिले. सिनेमाला की आणखी कशाला, ते मी विचारलं नाही.

तर आमची अंतिम यादी अशी. नंबर आठच आहेत, कारण नवव्या आणि दहाव्यावर अजून तह झालेला नाही.

८. शहेनशाह (१९८८). बायकोचा व्हेटो.
७. मिन्नल मुरली (२०२१). खेड्यातला शिंपी आणि खेड्यातलाच व्हिलन, दोघांना एकाच रात्री वीज ताकद देऊन जाते. पुढचं सगळं माणसावर.
६. स्पायडरमॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स (२०१८). कन्येच्या मते हा पहिला. तिला मतदानात हरवलं, त्याचा राग अजून आहे.
५. द डार्क नाइट (२००८). दुसऱ्याचे गुन्हे स्वतःच्या अंगावर घेणारा मुखवटा.
४. मि. इंडिया (१९८७).
३. सुपरमॅन (१९७८). त्या चष्म्यासाठी.
२. द इन्क्रेडिबल्स (२००४). याला मी एक नंबर दिला असता, पण मला या सिनेमापुरतं मतदानातून बाद करण्यात आलं.
१. स्पायडरमॅन २ (२००४). त्या टेबलासाठी.

नोकरी चार महिन्यांनी मिळाली. पगार थोडा कमी आहे. डबे आता आम्ही आलटून पालटून करतो, आणि माझी भेंडी परत येत नाही.

यादीचा कागद अजून फ्रिजवर आहे. कन्येने त्यात स्वतःच्या अक्षरात चौथा रकाना आखलाय : 'घरी कोणाला माहीत आहे का?' मि. इंडियापुढे तिने प्रश्नचिन्ह टाकलंय. बॉबपुढे लाल शाईने 'उशिरा'. बॅटमॅनपुढे मात्र एकच शब्द लिहिलाय, आल्फ्रेड, आणि त्याला पूर्ण मार्क दिलेत.