गोधडी निघाली अमेरिकेला

मंचर-घोडेगाव काय नि जुन्नर-नारायणगाव काय, लेक-सून परदेशी असलेले घर आता दर आळीत एखादे तरी सापडतेच. बाळंतपणाला जायचे म्हणजे डिंकाचे लाडू, मेतकूट आणि गोधडी आलीच. लाडवांचे काय, ते संपायचेच. पण गोधडी कुठल्या बॅगेत घालायची यावरून आमच्या थोरल्या जाऊबाई निघताना घरात दोन दिवस चर्चा चालली होती.

त्यांचे माहेर जुन्या आंबेगावचे. तालुक्याला अजून तेच नाव आहे, कचेऱ्या मात्र घोडेगावात. मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. आईची दोन नऊवारी जुनेरे तेवढी आक्कांपाशी राहिली होती. तीच खाली-वर लावून त्यांनी नातवासाठी गोधडी घेतली होती. निघायच्या दिवशी दोन बाजूंचे टाके व्हायचेच होते.

"आई, मोठ्या बॅगेत टाक ना. हातात ओझं कशाला?" पुतण्या म्हणाला.

मी म्हटलं, "आक्का, कात्री हरवली तर तिकडे दुसरी मिळेल. लुगडं कुठून आणाल?"

मोठी बॅग कधी मागे राहते, कधी भलत्याच गावी उतरते. तेव्हा पुन्हा न मिळणारी वस्तू आपल्याजवळ आणि विकत मिळणारी हत्यारे खाली, असे आम्ही ठरवले. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे खिळ्यापासून टोकापर्यंत चार इंचांहून कमी पात्याची कात्री आणि विणायच्या सुया जवळ ठेवता येतात. पण प्रवास सुरू होतो आपल्या विमानतळावरून, आणि तिथे तपासणाऱ्याने नको म्हटले की नको. आमच्या शेजारणीची सासूबाईंची पितळी मुठीची कात्री अशीच तिथल्या टोपलीत गेली. परत मिळाली नाही.

कात्रीच्या टोकाला बूच लावावे आणि पाती जाड कापडात गुंडाळावीत, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही. सुया फ्लॅनेलच्या तुकड्यात मोजून टोचाव्या. गोधडी नीट चाचपून एकूण एक टाचणी काढावी, कारण यंत्रात ती दिसतेच. दोऱ्यांची मात्र एक युक्ती आहे. घरीच हात-दीड हात लांबीचे दोरे कापून त्यांची सैल वेणी घालायची. हवा तेव्हा एकेक ओढून घेता येतो, गुंता होत नाही आणि कात्रीवाचून अडत नाही. जवळ एखादीच बोथट, जाड सुई ठेवावी. गेली तर गेली! उग्र वासाचा, पेट घेणारा चिकटद्रव कुठल्याच बॅगेत चालत नाही. आणि हो, मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यात तेल फार, म्हणून आपल्याकडे त्या दोन्ही बॅगांत मना आहेत.

गोधडीची घडी न घालता वळकटी करून नाडीने बांधली. उघडायला सोपी, नि विमानात उशीलाही बरी.

मुंबईला आम्ही आळेफाट्यावरून ओतूर, मढ करत माळशेजने उतरलो. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, तेव्हा दोन-तीन तास हाताशी ठेवूनच निघावे. याच डोंगररांगेत नाणेघाट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, जुन्नरचा माल तिथून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई. नागनिका राणीचा लेख तिथल्या लेण्यात आहे, आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे सांगतात. म्हणजे परदेशी जाताना सामान दाखवणे आपल्या मुलखाला नवे नाही म्हणायचे!

तिसऱ्या दिवशी आक्कांचा फोन आला. तपासणीतल्या बाईंनी वळकटी सोडायला लावली, दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहिला आणि सुई तेवढी काढून घेतली. मोठी बॅग मागाहून, दुसऱ्या दिवशी आली. तोवर लेकीच्या डब्यातली सुई घेऊन, वेणीतले दोरे ओढत ओढत आक्कांनी एक बाजू पुरी केली होती.