कवीच्या मनाविरुद्ध निघालेलं त्रैमासिक

कवी हयात असताना त्याच्या नावाने एक त्रैमासिक निघतं, कवीला ते मुळीच आवडत नाही, आणि तरीही ते जवळजवळ शंभर वर्षं चालू राहतं! ‘किपलिंग जर्नल’ नावाचं असं काही जगात आहे हे मला परवापरवापर्यंत ठाऊकच नव्हतं. आता दुसरं काही सुचत नाही. भेटेल त्याला मी तेच सांगत सुटले आहे.

रुडयार्ड किपलिंग म्हणजे आपल्याला मोगलीवाला. जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५चा. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पं त्यांचीच. एवढं मला माहीत होतं. पण तो मुळात केवढा लोकप्रिय कवी होता, आणि त्याच्या ओळींच्या मागे लागलेल्या वाचकांनी केवढा संसार उभा केला, हे या अंकांनी दाखवलं.

गोष्ट १९२७ची. ब्रुकिंग नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये किपलिंग सोसायटी स्थापन झाली आणि मार्चमध्ये पहिला अंक निघाला. तेव्हा किपलिंगने साठी ओलांडली होती, नोबेल मिळून वीस वर्षं होत आली होती आणि आपल्या खासगी आयुष्याभोवती त्याने भक्कम कुंपण घातलं होतं. आपल्या नावाने मंडळी जमून आपल्यावर चर्चा करणार, ही कल्पनाच त्याला नकोशी होती. आणि या सोसायटीचा पहिला अध्यक्ष कोण? मेजर जनरल डन्स्टरव्हिल, त्याचा शाळासोबती! शाळेतल्या तीन दोस्तांच्या उचापतींवर किपलिंगने १८९९मध्ये ‘स्टॉकी अँड कंपनी’ हे पुस्तक काढलं. त्यातला स्टॉकी म्हणजे हाच डन्स्टरव्हिल. तिघांपैकी दुसरा, छायाचित्रकार जॉर्ज बेरेसफर्ड, तोही सोसायटीत! म्हणजे पुस्तकातली पात्रंच उठून लेखकाचा अभ्यास करायला बसली आणि लेखक दुरून चरफडतोय! हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

१९२७पासूनचे अंक आता वाचायला खुले आहेत आणि मी त्यात बुडाले आहे. पत्रं, टिपणं, सभांचे वृत्तांत, दुर्मिळ आवृत्त्यांची चर्चा. लिहिणारे सगळेच काही साहित्याचे प्राध्यापक नव्हेत. ज्याला ज्यातलं कळतं त्याने ते आणून द्यायचं, असा तो मामला. ‘मंडाले’ ही कविताच घ्या. मंडाले म्हटलं की आपल्यासमोर टिळक आणि ‘गीतारहस्य’ उभं राहतं. पण टिळकांना तिथे नेलं त्याच्या अठरा वर्षं आधी, १८९०मध्ये, किपलिंगने ही कविता लिहिली होती, आणि तीही ते शहर न पाहता! १८८९च्या प्रवासात तो रंगून आणि मौलमीनला गेला होता, मंडालेला नाही. त्यात कवितेतली पहाट येते चीनच्या बाजूने, समुद्रापलीकडून. मौलमीनचा समुद्र तर पश्चिमेला! भूगोल जुळत नाही म्हणून वाचकांनी किपलिंगला इतकं छळलं की आत्मचरित्रात त्याला खुलासा करावा लागला: बोलणारा शिपाई आहे, त्याच्या आठवणींची सरमिसळ झालेली आहे. मला तर वाटतं, कवितेवर प्रेम करायची ही फार देखणी रीत आहे. ओळ इतकी आपली वाटते की तिच्यातली दिशासुद्धा चुकलेली खपत नाही.

या वेडातूनच आर. ई. हार्बर्ड यांची मार्गदर्शिका जन्माला आली. किपलिंगच्या लेखनातला जवळपास प्रत्येक अवघड संदर्भ उलगडणारे आठ खंड, १९६१पासून दहाएक वर्षांत, खासगीरीत्या, मोजक्या प्रतींत छापलेले! पुढच्या पिढीने तेच काम नव्याने हाती घेतलं.

संपादकांची परंपराही तशीच. रॉजर लॅन्सलिन ग्रीन यांनी १९५७ ते १९७९ अशी बावीस वर्षं अंक सांभाळला. आर्थर राजाच्या आणि रॉबिन हूडच्या कथा मुलांसाठी सांगणारे तेच हे ग्रीन. पुढच्या संपादकांत एक नाव दिसलं, शरद केसकर, आणि मी आनंदाने ओरडलेच. मुंबईत जन्मलेल्या कवीच्या विलायतेतल्या त्रैमासिकावर केसकर! आणि १९५९च्या एका अंकात चक्क टी. एस. एलियट, आदल्या वर्षी सोसायटीपुढे केलेल्या भाषणासह. आधुनिक कवितेचा एवढा मोठा माणूस किपलिंगच्या बाजूने उभा राहतो आणि ते शब्द या छोट्या त्रैमासिकात छापून येतात.

किपलिंगचं राजकारण मला पटत नाही, पटणारही नाही. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी उभारलेल्या निधीत या माणसाने पैसे दिले. ते विसरून त्याच्या कविता वाचता येत नाहीत आणि मी वाचणारही नाही. पण म्हणूनच हे अंक मला हवे आहेत. मी सध्या १९३६शी पोचले आहे, त्या जानेवारीत किपलिंग गेला. पुढे महायुद्ध आहे, आणि त्यानंतर १९४७. ज्या साम्राज्याचे गोडवे त्याने जन्मभर गायले ते डोळ्यांदेखत आवरलं जात असताना हिंदुस्थानात उमेद घालवलेले त्याचे हे वाचक एकमेकांना काय लिहीत होते? आज रात्री ते अंक उघडते.