एरंडेलाचा महिमा

लहानपणी आजीने एरंडेलाची वाटी पुढे केली की आमची तोंडे वाकडी होत. त्याच एरंडेलाला पुढे हात जोडावे लागतील, असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर आम्ही हसलोच असतो.

बेळगावच्या मुलांना विमानांचे वेड लागावे, यात नवल ते काय? सांबऱ्याचा विमानतळ हाकेच्या अंतरावर! गेल्या वर्षी आम्ही पाच मित्रांनी खाऊचे पैसे साठवून अडीच घन सेंटिमीटरचे एक इंजिन घेतले आणि दोऱ्यांच्या आधाराने भोवती फिरणारे नमुना-विमान बांधले. त्याचे इंधन मिथेनॉल. एवढ्याशा इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. म्हणून वंगण इंधनातच मिसळावे लागते. तीन भाग मिथेनॉल व एक भाग एरंडेल, हे प्रमाण गुरुजींनी ठरवून दिले होते. मिथेनॉल विषारी, शिवाय त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. तेव्हा मिश्रण आपल्यासमोरच करावे, अशी त्यांची सक्त आज्ञा होती.

एका रविवारी एरंडेल संपले. गुरुजी निपाणीस गेले होते. घरी स्कूटरचे तेल होते. ‘तेल ते तेलच,’ असे म्हणून आम्ही तेच ओतले, बाटली खळखळून हलविली आणि विमान सोडले. दोन फेऱ्या होतात न होतात, तोच इंजिन किंचाळले आणि जागीच जाम झाले. पंखा हाताने फिरेना. पाच जणांची वर्षाची पुंजी मातीत पडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली मान घालून सर्व सांगितले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी दोन परीक्षानळ्यांत मिथेनॉल घेतले. एकीत स्कूटरचे तेल टाकले. ते तळाशी जाऊन बसले. दुसरीत एरंडेल टाकले. ते पूर्णपणे विरघळले. खनिज तेल मिथेनॉलशी एकजीव होत नाही, म्हणून इंजिनाला कधी नुसते तेल, तर कधी कोरडे मिथेनॉल मिळाले होते.

पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) कित्येक विमानांची फिरती इंजिनेही एरंडेलावरच चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळून पातळ होत नसे, असे गुरुजींनी सांगितले. एरंडेल तीव्र उष्णतेतही धातूवरील आपला थर सोडत नाही. मात्र त्याची तपकिरी राळ इंजिनात साचते. म्हणून आता पुष्कळजण कृत्रिम तेलात थोडे एरंडेल मिसळतात. कृत्रिम तेल इंजिन स्वच्छ ठेवते, एरंडेल आणीबाणीत सांभाळते.

उद्यमबागेतील एका कारागिराने पिस्टनवरचे ओरखडे घासून काढले. महिन्याभराने आमचे विमान पुन्हा उडाले. मैदानावर एरंडेलाचा जळका वास दरवळला आणि आम्ही तो मनसोक्त हुंगला.

‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणून या झाडाची थट्टा होते. आम्ही मात्र ती आता करीत नाही. आणि गुरुजींना विचारल्यावाचून बाटलीचे बूचही उघडीत नाही!